पेटीतले आठ आकडे

खजुराच्या वखारीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. निवडीची टेबले भिंतीला सरकवली होती, बायका उपड्या क्रेटवर चढून उभ्या होत्या आणि मधोमध चटईवर ट्रॅक्टर चालवणारा हातीम आडवा पडला होता. त्याच्या पोटरीला विंचवाने नांगी मारली होती. दोन्ही मनगटांत तांब्याची कडी, कड्यांपासून निघालेल्या तारा एका करड्या पत्र्याच्या पेटीत शिरलेल्या, आणि पेटीच्या तोंडावर पेटलेले दोन लाल आकडे: ८०.

“ऐंशी,” पेटीवाल्या सिदी लझहरने, म्हणजे आपल्या भाषेत लझहर महाराजांनी, जाहीर केले. “काळा विंचू. नर. आणि तीन दिवसांचा उपाशी.”

गर्दीतून हुंकार उठला. विंचवाचे लिंग आणि त्याच्या जेवणाच्या वेळा दोन आकड्यांत कशा मावल्या, हे कोणी विचारले नाही.

दाराशी वेताची टोपली ठेवली होती. आत येणाऱ्याने मोबाईल बंद करून आणि मनगटावरचे घड्याळ काढून त्यात टाकायचे, हा लझहरचा पहिला नियम. पेटी हवेतल्या लहरी पिते आणि घड्याळाची टिकटिक तिच्या घशात अडकते, असे तो सांगे. टोपली नेहमी भरलेली असे.

आकडा उतरू लागला. ७९. ७८. मध्येच अडला की लझहर पेटी छातीशी धरी, डोळे मिटून पुटपुटे, आणि आकडा पुन्हा हलला की बायका जिभेचा नाद करून वखार दणाणून सोडत. कधी आकड्यांच्या जागी ९९ लुकलुकायला लागे. मग तो हात वर करून सांगे, की याला दोन विंचू चावलेत. दुसऱ्याचं विष पेटीने ओळखलं, पण ती दमली आहे. आज तिला घरी नेऊन निजवावं लागेल. रुग्णाने उद्या यावे. येताना कोंबडी आणावी.

हातीमच्या नशिबी ९९ आले नाही. बऱ्याच वेळाने शून्य उजाडले, तो उठून बसला, लंगडत चार पावले चालला, आणि लोक त्याला मिठ्या मारू लागले.

बेय्या हे सगळे दाराशी, बाबांच्या शेजारी उभी राहून पाहत होती. सफाक्स शहरातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून ती नुकतीच आपल्या वाळवंटी गावी, ऐन दरीजला, परतली होती. तिचे बाबा तैयब म्हणजे या मरूद्यानातले खजुरीच्या झाडांवर चढणारे सगळ्यात सफाईदार गडी. मागच्या उन्हाळ्यात त्यांनाही विंचू चावला होता आणि पेटीने त्यांचे सेहेचाळीस अंश विष उतरवले होते. हा आकडा ते जन्मतारखेसारखा सांगत. इथे सगळेच सांगत. ज्याचा आकडा मोठा, त्याला कॉफीच्या दुकानात खुर्ची आधी मिळे.

“त्या तारा आत कशाला जोडल्यात?” बेय्याने विचारले. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

लझहर वळला. त्याला राग आलेला दिसला नाही. उलट तो खूश झाला.

“तैयबची लेक ना तू? इंजिनीअरबाई. ये, पोरी, ये.” त्याने पेटी दोन्ही हातांवर धरून पुढे केली. “घेऊन जा. उद्या दुपारपर्यंत ठेव. उघड, बघ, तुझ्या कॉम्प्युटरला विचार. आणि उद्या इथेच, सगळ्यांसमोर, काय उत्तर आलं ते सांग.”

बाबांनी तिचा दंड दाबला. “माफी माग,” ते पुटपुटले. तिने पेटी घेतली.

लझहरला कशाची खात्री होती ते घरी पेटी उघडल्यावर कळले. आत एकच छोटा काळा चिप होता, मायक्रोकंट्रोलर. म्हणजे वॉशिंग मशीनपासून खेळण्यातल्या गाडीपर्यंत कशातही असतो तो बोटभर मेंदू. त्याच्या पाठीवरचे नाव कुणीतरी कानशीने घासून टाकले होते.

नाव गेले तरी चिपचे पाय, म्हणजे त्याच्या धातूच्या पिना, जागेवर होते. वीज कुठल्या पायाने आत शिरते हे पाहून बेय्याने चिपचे घराणे ओळखले, वाचनयंत्राच्या तारा लावल्या आणि आतला सगळा प्रोग्रॅम संगणकात उतरवून घेतला. कुलूप घालायचे कुणी कष्ट घेतले नव्हते. हातात आली ती नुसत्या आकड्यांची लांबलचक माळ. ती माणसाला वाचता येईल अशा आज्ञांमध्ये उलगडणारे साधन, डिसअसेम्बलर, तिच्याकडे होते. जगभरातले स्वयंसेवक मिळून ते बनवत आणि कॉलेजपासून तीही त्यात बारीकसारीक दुरुस्त्या करून पाठवत असे. तिने माळ त्यात ओतली.

पडदा भरला. पहिल्या ओळीवर ‘अज्ञात’. दुसरीवर ‘अज्ञात’. खाली, आणखी खाली, पानेच्या पाने तेच. या साधनाला शेकडो चिप येत होते, हा येत नव्हता. शेजारच्या घराण्याचा चिप समजून वाचायला लावले, तर त्याने मध्येमध्ये दोनचार असंबद्ध आज्ञा लिहिल्या आणि पुन्हा ‘अज्ञात’चा जप सुरू केला.

मागे बाबा उभे होते. त्यांना अरबीइतकेच फ्रेंचही वाचता येत होते, आणि पडद्यावरचा तो शब्द तर कुणालाही वाचता आला असता.

“किती वेळा लिहिलंय?” त्यांनी विचारले.

“बाबा, त्याचा अर्थ एवढाच की या साधनाला—”

“किती वेळा, ते विचारलं मी.”

तिने मोजून सांगितले. चारशे बारा. ही तिची चूक होती. विज्ञान शिकलेल्या माणसाला आकडा विचारला की तो खरा आकडा सांगतो आणि समोरचा त्याचे काय करणार आहे, हे विसरतो.

दुसऱ्या दिवशी वखारीत ती तोंड उघडण्याआधीच लझहरला सगळे ठाऊक होते. कॉफीच्या दुकानातून ते त्याच्यापर्यंत पोचले होते. “इंजिनीअरबाईंच्या कॉम्प्युटरने चारशे बारा वेळा हात टेकले,” तो म्हणाला. “सफाक्सचं कॉलेज, जपानचा कॉम्प्युटर. आणि उत्तर काय? अज्ञात. बाबांनो, जे माणसाने लिहिलं असतं ते माणसाच्या यंत्राने वाचलं नसतं का?”

त्या दिवसापासून हे वाक्य त्याच्या मंत्रात कायमचे जाऊन बसले. पेटीला बेय्याने स्वतःच्या हाताने शेंदूर फासून दिला होता.

जुलैच्या मध्यावर मबरूकाच्या लेकीला, सिरीनला, विंचू चावला. सिरीन सहा वर्षांची. मबरूका वखारीत खजूर निवडायची, त्यामुळे पोर दोन मिनिटांत पेटीसमोर आली. आकडा पेटला ७०.

दवाखान्याच्या दारात संघाची पांढरी गाडी उभी होती. खजूर उत्पादक संघ दर उन्हाळ्यात ती ठेवत असे, विंचू चावलेल्यांना पन्नास किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्यायला. परिचारिका शादलिया बातमी ऐकून धावत वखारीशी आली, तर तिला घड्याळासकट आत येऊ देईनात. ती दाराशी उभी राहून ओरडत राहिली. पोर घामाने निथळतेय, तोंडातून लाळ येतेय, उलट्या करतेय, हे तिला दारातून दिसत होते. आत सगळे आकडा पाहत होते.

शून्य आले. लझहर म्हणाला, विष उतरलं, आता पोरीला झोपू द्या. शादलियाने गर्दी फोडून तिला उचलले आणि गाडीत घातले. वाटेत, अर्ध्या रस्त्यावर, सिरीन गेली.

तिसऱ्या दिवशी लझहर सांत्वनाला आला, चहाचा पेला हातात धरून बसला आणि म्हणाला, “माझ्याकडून उठली तेव्हा शून्य होतं. शंभर जणांनी बघितलं. पुढे गाडीत काय झालं ते गाडीला विचारा.”

आणि लोकांनी गाडीला विचारले. गाडीत ती बाई सुई टोचते. गाडीला घाई असते. गाडीत बसलेले मागच्या वर्षीही एक म्हातारे गेले होते. बघता बघता एका लेकराच्या मरणाचा दोष चार चाकांवर जाऊन बसला. संघाने फळ्यावर सूचना लावली: ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी, नमाजानंतर सभा. विषय एकच, गाडी बंद करून त्या खर्चात पेटीसाठी घुमटाची खोली बांधणे.

सर्वांत मोठा आवाज मबरूकाचा होता. “माझ्या लेकीचं विष उतरलं होतं,” ती दिसेल त्याला सांगे. “शून्य मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गाडीने मारलं तिला.” बेय्याला तिचा राग येत नसे. तिला कळत होते, की ते शून्य खोटे निघाले तर मबरूकाच्या हातात काय उरेल.

शादलियाने दवाखान्याची वही बेय्यापुढे टाकली. “शादलियाबाई वेडी, असं म्हणतात ना तुझे बाबा? वाच. शंभरांतल्या नव्वदांना नुसतं दुखतं. काही करा, न करा, दोनचार तासांत उतरतं. लझहर त्या नव्वदांवर जगतो. उरलेल्या दहांना, त्यात पोरांना जास्त, एकेक मिनिट मोलाचं असतं. गाडी गेली तर पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे काय राहील? थर्मामीटर.”

“मी काय करू? माझ्या साधनाला तो चिप येत नाही.”

“मग शिकव त्याला.”

शादलियाला कल्पना नव्हती की ती किती नेमके बोलली होती. प्रोग्रॅमची माळ बेय्याच्या संगणकात अजून तशीच होती. साधनाला चिप येत नसेल, तर तो शिकवता येतो. त्यासाठीच तर ते उघडे ठेवलेले असते. कुणीतरी बसून त्या चिपचा शब्दकोश लिहून द्यायचा, की बस.

ती बसली. चिपचा अंतर्गत क्रमांक तिने पेटी परत करण्याआधीच वाचून ठेवला होता, त्यावरून त्याचे दोनशे पानी माहितीपत्रक मिळाले. पहिल्याच दिवशी ‘अज्ञात’चे मूळ सापडले. तिचे साधन आठ-आठ बिटांचे तुकडे करून वाचत होते आणि या चिपचा एकेक शब्द होता चौदा बिटांचा. सलग मजकूर भलत्याच जागी तोडून वाचला तर कुराणाचीही बडबड होईल, पेटीचे काय. पस्तीस आज्ञा होत्या. प्रत्येकीचा साचा, प्रत्येकीचे नाव, कुठले बिट कशासाठी, हे एकेक करून तिने साधनात भरले. आईने भाकरी आणि हरिसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, वाटी टेबलावर ठेवावी आणि तशीच उचलून न्यावी, असे आठवडाभर चालले. बाबा तिच्याशी बोलत नव्हते.

आठव्या दिवशी तिने आपली भर साधनाच्या चालकांकडे पाठवली. त्यातल्या एका परीक्षकाने, ज्याचे नाव-गाव तिला कधीच कळले नाही, तासाभरात ती परत फेकली. सोबत तीन वाक्ये होती. चाचणी कुठे आहे? तुम्ही म्हणता म्हणून उलगडा बरोबर, असं आम्ही धरत नाही. आधी अपेक्षित उत्तर लिहून जोडा, मग साधन चालवा; दोन्ही जुळलं तर बोलू.

बेय्या चिडली. मग तिने माहितीपत्रकातली उदाहरणे घेतली, उत्तरे आधी लिहिली, साधन चालवले, आणि एक उत्तर चुकले. ‘बटण दाबलेले असेल तर पुढची आज्ञा गाळ’ आणि ‘दाबलेले नसेल तर गाळ’ या दोन जुळ्या आज्ञांची तिने अदलाबदल करून ठेवली होती. चाचणी नसती तर ती पेटीचा प्रोग्रॅम उलटा वाचून, छातीठोकपणे चूक बोलत सभेत उभी राहिली असती.

आता माळ उलगडली. पडद्यावर एकही ‘अज्ञात’ नव्हता.

पेटी एवढी अडाणी निघेल असे तिलाही वाटले नव्हते. कड्यांच्या तारा ज्या पायाला जोडल्या होत्या तो पाय फक्त हुकूम सोडणारा होता. त्यावरून काही ऐकायची आज्ञा अख्ख्या प्रोग्रॅमात नव्हती. कड्यांत माणूस आहे की मेंढी आहे, पेटीला कळायची सोयच नव्हती. आकडा दर मिनिटाला एकने कमी होत होता, बाकी काही नाही. एक बटण होते, पेटीच्या बाजूच्या तिसऱ्या स्क्रूच्या वेषात. ते दाबून धरले की मोजणी थांबे. बॅटरी उतरली की ९९ लुकलुके. दुसरा विंचू तो हाच. आणि सुरुवातीचा आकडा? तो एका यादीतून येत होता. एकापाठोपाठ आठ आज्ञा, प्रत्येकीचा अर्थ ‘हा आकडा घेऊन परत जा’. ३८, ६४, २२, ५१, ८०, १५, ४६, ७०. पेटी बंद करून पुन्हा चालू केली की यादीतला पुढचा. आठवा संपला की पहिला.

सेहेचाळीसपाशी तिला बाबा दिसले. सत्तरपाशी तिने पडद्यावरून नजर काढली.

हे आठच आकडे का आणि हेच का, ते मात्र प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नव्हते. ते कागदावर उतरवून ती ब्राहीमकाकांकडे गेली. काका चाळीस वर्षे मरूद्यानाचे पाटकरी होते. झऱ्याचे पाणी कुठल्या बागेला कधी आणि किती वेळ सोडायचे, हे त्यांच्या शब्दावर चाले. तिला त्यांच्याकडून एवढेच हवे होते, की सभेत एक बंद पाकीट त्यांनी सांभाळावे. त्यांच्या हातातल्या पाकिटावर कुणी शंका घेतली नसती. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे तुला कुणी दिलं?” त्यांनी विचारले. तिने सांगितले. काकांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “पाकीट आण. मी येतो.”

शुक्रवारी वखार पुन्हा भरली. लझहर नव्या पांढऱ्या जुब्ब्यात आला. टोपली दाराशी होती. त्याने सुरुवात चारशे बारापासून केली, आणि मग, पेटीची ताकद दाखवायला, आज विंचू चावलेला कुणी नसला तरी चालेल, असे म्हणाला. जुने विष हाडांत बसते, पेटी तेही दाखवते. बाबा लगेच पुढे झाले. बेय्याकडे न पाहता त्यांनी मनगटात कडी चढवून घेतली.

“थांबा,” बेय्या म्हणाली. “पेटी चालू करायच्या आधी ब्राहीमकाकांकडे एक पाकीट दिलंय मी. काल दिलंय. त्यांनी ते सगळ्यांना दाखवावं. उघडू नये.”

“काय आहे त्यात?” लझहरने विचारले.

“चाचणी.”

लोक हसले. एकाने विचारले, तिच्या कॉम्प्युटरचा चारशे तेरावा ‘अज्ञात’ आहे का. लझहरही हसला आणि त्याने खटका दाबला. ५१.

“एक्कावन्न,” तो खर्जात म्हणाला. “बघा. हाडांत अजून एक्कावन्न.”

काकांनी पाकीट फाडले आणि कागद बाबांच्याच हातात दिला. “तू वाच, तैयब. तुझी लेक आहे, तू खोटं वाचणार नाहीस.”

बाबांनी वाचले. कागदावर लिहिले होते, शेवटचा आकडा दुकानवाल्या सालिहला परवा आला, बावीस, हे तो सगळ्यांना सांगत फिरतोय. आज पहिला येईल एक्कावन्न. माणूस कोणीही असो. दुसरा येईल ऐंशी.

कुणी हसले नाही. लझहर म्हणाला हा योगायोग, पोरीने काहीतरी करणी केली आहे. त्याचा अंगठा पेटीच्या बाजूच्या तिसऱ्या स्क्रूवर होता आणि आकडा अडला होता.

“अंगठा काढा, सिदी,” बेय्या म्हणाली. “तिसऱ्या स्क्रूवरचा. ते थांबवायचं बटण आहे.”

आता सगळी वखार त्याच्या अंगठ्याकडे पाहू लागली. अंगठा निघाला. आकडा हलला.

तेवढ्यात शादलिया पुढे आली आणि बाबांच्या हातातली कडी काढून तिने स्वतःच्या हातात घातली. “मला जन्मात विंचू चावलेला नाही. वाळवंटात राहून. विचारा कुणालाही. लाव.”

लझहर म्हणाला पेटी दमली आहे. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या हातीमने, ज्याच्या ऐंशीचे साऱ्या गावाला कौतुक होते, हात लांब करून खटका बंद केला आणि पुन्हा चालू केला. ८०.

हातीमने तो आकडा बराच वेळ पाहिला. विंचू न चावलेल्या बाईच्या अंगात त्याचे सगळे विष, काळ्या उपाशी नरासकट, बसलेले होते.

“पुढचा किती?” मागून कुणीतरी ओरडले. “पंधरा,” बेय्या म्हणाली, आणि हातीमने खटका दाबायच्या आत गर्दी एका आवाजात “पंधरा” म्हणाली. पेटीने त्यांचे ऐकले. १५.

आणि मग जे झाले त्याची बेय्याने तयारी केली नव्हती. एका म्हाताऱ्या बाईने पुढे येऊन तिच्या बाहीला हात लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. कुजबुज पसरली. तैयबच्या पोरीला दिसतं. तिला आधीच दिसतं. लझहरच्या चेहऱ्यावर क्षणात रंग आला; त्यालाही वाट सापडली. “मी म्हणतच होतो,” तो म्हणाला, “पोरीच्या अंगात काहीतरी आहे.”

बेय्याला इतका राग उन्हाळाभरात आला नव्हता.

“मला काही दिसत नाही,” ती म्हणाली. “मी वाचलंय. आठवडाभर बसून वाचायला शिकले, आणि त्यात एकदा चुकले पण. जूनमध्ये मला वाचता येत नव्हतं, तर माझ्या कॉम्प्युटरने खरं सांगितलं की येत नाही. तुम्ही त्याचा चमत्कार केलात. ‘अज्ञात’ म्हणजे देव नाही हो. ‘अज्ञात’ म्हणजे अजून कुणी शिकलेलं नाही, एवढंच. माझ्यावर विश्वास ठेवू नका. यादी भिंतीवर लावते, रोज येऊन ताडून बघा. पुढचा सेहेचाळीस.”

“यादी मी सांगतो,” ब्राहीमकाका म्हणाले.

ते क्रेटवर बसले होते, तिथून उठले नाहीत. कागदाकडेही त्यांनी पाहिले नाही. “मशिदीचा पाट, अडतीस मिनिटं. चिंचोळा पाट, चौसष्ट. विधवांचा पाट, बावीस. कुंभारांचा, एक्कावन्न. मोठा पाट, ऐंशी. डाळिंबाचा, पंधरा. तैयबच्या आजोबांचा, सेहेचाळीस.” ते दम घ्यायला थांबले. “या तुमच्या पाणीपाळ्या आहेत, गाढवांनो. तुमच्या बापजाद्यांच्या. दहा वर्षांपूर्वी संघाने पाणी सोडायची यंत्रं आणली, मी नको म्हणत होतो, आठवतं? कुणी वापरली नाहीत, मागच्या खोलीत गंजत पडली. ती बसवायला आलेल्या मिस्त्रीचा हाताखालचा माणूस कोण होता, आठवतं कुणाला?”

सगळ्यांनी लझहरकडे पाहिले.

चाळीस उन्हाळे हे आकडे या लोकांनी पहाटे उठून कुदळ खांद्यावर घेऊन पाळले होते. बावीस म्हटले की विधवांचा पाट, हे इथल्या पोरालाही झोपेत सांगता आले असते. तेच आकडे लाल अक्षरांत, मंत्रासकट, समोर आले तेव्हा एकालाही ओळखू आले नाहीत. विष म्हणून पाहायला सांगितले होते, म्हणून विष दिसले.

हशा होईल असे बेय्याला वाटले होते. झाला नाही, कारण मबरूका पुढे येत होती. लोक बाजूला होत गेले. ती लझहरसमोर थांबली नाही, पेटीसमोरही नाही. ती क्रेटपाशी जाऊन उभी राहिली.

“ब्राहीमकाका,” ती म्हणाली, “सात सांगितलेत. सत्तर कुणाचं?”

काकांनी मान खाली घातली. “पूर्वेच्या बागेचं. आठवा पाट.”

“मिनिटं?”

“मिनिटं, पोरी.”

मबरूकाने बोटांवर काहीतरी मोजले. मग दाराशी जाऊन तिने टोपलीत हात घातला, घड्याळांच्या ढिगातून आपले घड्याळ शोधून काढले आणि मनगटावर बांधले. पट्ट्याचे बक्कल शादलियाने लावून दिले. तिच्यामागून एकेक जण येऊन आपापले घड्याळ उचलू लागला. बाबांनी त्यांचे उचलले आणि ते हातात धरून बेय्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. माफी कुणी मागितली नाही.

मते घेतली तेव्हा गाडी राहिली. सगळ्यांच्या मताने नाही. चौदा हात अजूनही पेटीच्या बाजूने वर गेले. त्यातल्या एकाने बाहेर पडताना सांगितले, की पेटी पाण्याची असेल, पण सिदींच्या हातात ती विषाची होते. असल्या माणसाला कुठलीही चाचणी पुरत नाही.

लझहर संध्याकाळच्या भाड्याच्या गाडीने गेला. पोलिसांत तक्रार झाली आहे, तिचे काय होईल ते होईल. वाळवंटापलीकडच्या दुसऱ्या मरूद्यानात एक नवा सिदी आल्याचे ऐकू येते. त्याच्याकडे आरसा आहे म्हणे. पेटी असो की आरसा, ओळखायची खूण एकच आहे. जिथे दाराशी घड्याळ काढून ठेवायला सांगतात, तिथून तसेच मागे फिरावे. जो तुमची मोजायची साधने आधी काढून घेतो, त्याला मोजलेले परवडणारे नसते.

बेय्याची भर साधनात गेली. तिने चाचणी म्हणून त्या आठ आकड्यांचा तुकडाच जोडला होता. परीक्षकाचे उत्तर एका शब्दाचे आले: जुळलं. आता तो चिप जगात कुणाच्याही हाती आला तरी पडद्यावर ‘अज्ञात’ उमटणार नाही.

मबरूका आता वखारीत खजूर निवडत नाही. उन्हाळ्याचे चार महिने ती दवाखान्याच्या दारात, पांढऱ्या गाडीशेजारच्या बाकावर बसते. कुणाला उचलून आणले की ती विंचू काळा होता का पिवळा, हे विचारत नाही. गाडीचे दार उघडता उघडता ती मनगट वर करते आणि एकच प्रश्न विचारते.

“किती वाजता चावला?”